लग्नाआधी हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २६, राहायला ऐरोली, नोकरी तिथल्याच आयटी पार्कात. दोन वर्षांपासून कपाळाचे कोपरे मागे सरकताहेत आणि भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली आहे. वडिलांना पूर्ण टक्कल. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, आईचं म्हणणं "आधी केसांचं बघ, मग मुली बघू." वाशीतल्या एका सेंटरने व्हॉट्सॲपवर फोटो बघून ४००० ग्राफ्ट (डोक्यामागून काढून पुढे लावायचे केसांचे गुच्छ) सांगितले, २५ रुपये ग्राफ्ट, हप्त्याची सोय. डिसेंबरपर्यंत डोकं भरून हवंय. करू का, आणि ४००० पुरतील का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ठाण्यात नौपाड्यात १८ वर्षं प्रॅक्टिस करते आणि त्यातली १४ वर्षं केसांच्या शस्त्रक्रिया करते आहे. माझं उत्तर: या डिसेंबरसाठी करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाही, दोन-तीन वर्षांनी मीच तुम्हाला "आता करा" म्हणेन असंही होईल. पण आत्ता नाही, आणि ४००० तर मुळीच नाही. का ते नीट सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलं की माणूस दुसऱ्या दारी जातो आणि तिथे "हो" म्हणणारं कोणीतरी बसलेलंच असतं.

मी तुमचं डोकं पाहिलेलं नाही हे आधीच कबूल करते. तुमचे केस जाड आहेत की बारीक, मागच्या बाजूला किती दाट आहेत, मामा-काका-आजोबांची डोकी कशी आहेत, औषधाला तुमची टाळू कशी दाद देते, यावर बरंच अवलंबून आहे. यातल्या कुठल्याही गोष्टीने माझा सल्ला थोडा इकडे-तिकडे होईल. पण फोटोवरून आकडा सांगणाऱ्याने यातलं काहीच तपासलेलं नाही.

तुम्ही ग्राफ्टचा आकडा विचारताय. मला त्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: तुमचं टक्कल कुठवर जाऊन थांबणार हे अजून ठरलेलं नाही, आणि ते झाकायला तुमच्याकडे असलेले केस मात्र मोजकेच आहेत.

पुरुषांच्या टकलाचं कारण असं की शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होतं. कपाळ, टाळू आणि भोवरा इथली मुळं काही पुरुषांत त्याला जन्मतःच हळवी असतात. केस एका दिवसात जात नाही. दर खेपेला तो थोडा बारीक, थोडा आखूड होऊन उगवतो आणि शेवटी नुसती लव उरते. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं की वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना मात्र पडायला लागतं. म्हणजे संप्रेरक आणि वारसा, दोन्ही लागतात. वारसा फक्त मामाकडून येतो हा समजही अर्धाच खरा आहे. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं, पण बाकीची अनेक दोन्हीकडून येतात.

इथे पाण्याचं सांगून टाकते, कारण घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समधून येणारा जवळपास प्रत्येक मुलगा टँकरच्या पाण्यावर खापर फोडतो. जड पाण्याने केस राठ होऊ शकतात, हे खरं. पण नळाचं पाणी सगळ्या डोक्यावर सारखंच पडतं, ते मागचे केस सोडून नेमके पुढचेच कसे निवडेल? आणि मोरबे धरणाचं पाणी वापरणाऱ्या नेरूळ-वाशीतही मला हीच टकलं दिसतात, याच नक्षीची.

आता शस्त्रक्रियेकडे. ती मुळात शक्य का होते? न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडलं की डोक्याच्या मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. मागे डीएचटीला दाद देत नव्हता, पुढेही देत नाही. सगळं हेअर ट्रान्सप्लांट या एका गोष्टीवर उभं आहे. नवा केस कोणीही तयार करत नाही, फक्त जागा बदलते.

माझं माहेर मुरबाडकडचं. पावसाने जोर धरला की भाताच्या आवणीला सुरुवात व्हायची. राबातली रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या आणि चिखलात ओळीने लावायची. शस्त्रक्रिया समजावताना मला नेहमी तेच आठवतं, फक्त फरक फार मोठा आहे. राबात पुढच्या वर्षी पुन्हा बी पेरता येतं. डोक्यामागचा हा राब एकदाच मिळतो. तिथून काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही.

म्हणून हिशेब करायचा. मागच्या भागात एका चौरस सेंटीमीटरमध्ये केसांचे साधारण ७० ते ८० गुच्छ असतात, प्रत्येकात एक ते चार केस. असा एक गुच्छ म्हणजे एक ग्राफ्ट. डोळ्याला विरळपणा जाणवायला साधारण निम्मे केस जावे लागतात, म्हणून मागून बरेच काढता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. चांगला दाट डोनर, म्हणजे केस काढायचा मागचा भाग, असलेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या खात्यात ढोबळमानाने ५००० ते ६००० ग्राफ्ट. बारीक, विरळ केसवाल्याकडे ४०००सुद्धा नसतात. आता वडिलांसारखं टक्कल धरा. पुढून भोवऱ्यापर्यंतचा तो भाग २०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतो. दर चौरस सेंटीमीटरला ३५ ग्राफ्ट लावले, जे निसर्गाच्या निम्मेच आहेत, तरी ७००० लागतात. खात्यात ५००० आणि खर्च ७०००. हे गणित कुठल्याही मशीनने, कुठल्याही नव्या नावाच्या तंत्राने सुटत नाही.

तुम्ही २६व्या वर्षी ४००० वापरलेत तर दोन-तृतीयांशाहून जास्त पुंजी संपली. आणि शस्त्रक्रियेने टक्कल थांबत नाही. लावलेले केस राहतील, त्यांच्यामागचे तुमचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतील.

गेल्या वर्षी कळव्याहून ४१ वर्षांचे एक गृहस्थ आले होते. २४व्या वर्षी एका ठिकाणी करून घेतलेलं. खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढे कपाळावर अगदी खाली, फूटपट्टीने आखावी तशी केसांची सरळ रेषा. तिच्यामागे तळहाताएवढी मोकळी टाळू. भोवऱ्यावर मधोमध दाट केसांचा एक ठिपका, चहूबाजूंनी टक्कल. कारण तिथले केस लावले तेव्हा टक्कल लहान होतं, नंतर ते बाहेरच्या बाजूने वाढत गेलं. मी मागून आरसा धरला. डोक्याचा मागचा भाग कसर लागलेल्या स्वेटरसारखा झाला होता. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, आरसा ठेवा." डोक्यावरून घेण्यासारखं जवळपास काही उरलं नव्हतं. पुढच्या रेषेतले काही ग्राफ्ट काढले, दाढीखालचे थोडे केस घेऊन मधला भाग जरा भरला, बाकी बारीक केस ठेवायला सांगितलं. २४व्या वर्षी त्यांना कोणी फसवायच्या हेतूने केलं असेलच असं नाही. केवळ त्या वयाच्या डोक्याला साजेसं केलं, आणि डोकं तर पुढे ४० वर्षं बदलणार होतं.

म्हणून तुमच्या वयात मी आधी औषध सांगते, आणि किमान एक वर्ष. त्याच्याही आधी खात्री की हे टक्कलच आहे. पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड झाला असेल तर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात. घाबरायला होतं, पण ते परत येतात. चाई वेगळी, तिच्यात गोल चट्टे पडतात आणि उपचार वेगळे. थायरॉइड, लोह एकदा बघून घ्यावं. डर्मोस्कोप नावाच्या भिंगाखाली टाळू पाहिली की शेजारी-शेजारी एक केस जाड आणि एक अगदी बारीक असे दिसतात, तेव्हा निदान पक्कं होतं. भिंगाखाली मागचा भागही बघायचा असतो. काहींचे मागचे केससुद्धा बारीक होत असतात. अशांना शस्त्रक्रिया करूच नये.

औषधं मुख्यतः दोन. टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल आणि रोज एक मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी, जिला टकलासाठी अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं, म्हणजे ते मूळ कारणावर काम करतं. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस जास्त गळतात आणि बहुतेक मुलं तिथेच बाटली फेकून देतात. फेकू नका, ते जुने केस जागा सोडत असतात. फरक दिसायला चार-सहा महिने, खरा निकाल वर्षाने. औषध बंद केलं की मिळालेलं वर्षभरात परत जातं, हेही आधीच माहीत असू दे.

फिनास्टेराइडबद्दल तुमच्या मनात असणारच, आणि लग्न ठरत असताना तर जास्तच, म्हणून स्पष्ट बोलते. मूळ चाचण्यांत १०० पैकी साधारण ४ पुरुषांनी कामेच्छा किंवा ताठरतेच्या तक्रारी सांगितल्या. औषधाचा अंश नसलेली गोळी घेणाऱ्यांतही २ जणांनी सांगितल्या. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर पूर्ववत होतं. थांबवल्यानंतरही त्रास राहिला असं सांगणारे पुरुष आहेत, मन उदास होण्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे मी कोणाच्या गळी ही गोळी उतरवत नाही. आधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. लवकर मूल हवं असेल तर तेही सांगा. गोळी तुटलेली किंवा चुरलेली असेल तर गरोदर बाईने हात लावू नये. आणि गोळी चालू असताना रक्तदान करू नये, थांबवल्यावर महिन्याने करावं.

पीआरपीबद्दल, म्हणजे तुमच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून टाळूत टोचतात त्याबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण सेंटरवाले पॅकेजमध्ये घालतीलच. काहींना थोडा फायदा होतो, काहींना नाही. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

वर्षाने काय होईल? माझा अनुभव असा की तुमच्या वयाच्या बऱ्याच मुलांची गळती थांबते, भोवरा बऱ्यापैकी भरतो, आणि मग फक्त कपाळाच्या कोपऱ्यांचा प्रश्न उरतो. तिथे दीड-दोन हजार ग्राफ्टमध्ये काम होतं आणि बाकीची पुंजी शिल्लक राहते. आजच्या ४००० आणि उद्याच्या १८०० मधला फरक हा एवढा आहे.

आता डिसेंबरचं. समजा तुम्ही पुढच्या महिन्यात करून घेतलंत. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. मूळ आत जिवंत राहतं, वरचा केस जातो. नवीन उगवायला तीन-चार महिने, चांगलं दिसायला नऊ ते बारा, भोवऱ्याला कधी दीड वर्ष. शिवाय आजूबाजूचे कमकुवत झालेले मूळचे केसही धक्क्याने काही काळ गळू शकतात. म्हणजे हळदीच्या दिवशी, मुंडावळ्या बांधायच्या वेळी तुमचं डोकं आजच्यापेक्षा विरळ आणि कपाळ लालसर असेल. फोटो मात्र जन्मभर तेच राहतील. लग्नासाठीच करायचं असेल तर किमान वर्षभर आधी करावं लागतं, हे सेंटरने तुम्हाला सांगायला हवं होतं.

पुढे कधी केलंत तर त्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण ते माहीत असलं की चांगलं-वाईट काम ओळखता येतं. सकाळी आरशासमोर उभं करून रेषा आखतात. भुवयांच्या मधून साधारण सात-आठ सेंटीमीटर वर, आणि तुमच्या वयात मी आठलाच धरते. कोपरे पूर्ण भरत नाही, कारण पन्नाशीच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलाची रेषा परकी दिसते. मग पालथं झोपवून मागचा भाग बधिर करतात. ती इंजेक्शनं दुखतात, पहिली दहा मिनिटं खरोखर दुखतात. नंतर काही नाही. एफयूई पद्धतीत ०.८ ते १ मिलिमीटरच्या फिरत्या पंचने गुच्छाभोवती गोल छेद देऊन चिमट्याने तो अलगद उचलतात. एफयूटीत मागून कातडीची पट्टी काढून मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट वेगळे करतात. तिची रेघेसारखी खूण राहते, म्हणून केस अगदी बारीक ठेवता येत नाहीत.

निघालेला ग्राफ्ट हातात धरून बघितलात तर कळेल हे काम किती नाजूक आहे. कोवळ्या कांद्याच्या पातीची सगळ्यात लहान काडी डोळ्यासमोर आणा, खाली पांढुरका, काचेसारखा कंद. पंचचा कोन जरा चुकला की हा कंद कापला जातो. थंड सलाईनबाहेर काही मिनिटं राहिला की सुकतो. दोन्ही वेळा तो लावला तरी उगवत नाही, आणि रुग्णाला ते आठ-दहा महिन्यांनी कळतं. आमच्याकडे एकेरी, दुहेरी, तिहेरी अशा वेगवेगळ्या बशा असतात. पुढच्या ओळीत फक्त एकेरी, थोडे वेडेवाकडे, मग मागे दुहेरी-तिहेरी. भोवऱ्यावर तर ग्राफ्ट बसवायला दिलेल्या प्रत्येक चिरेची दिशा वळत जाते. घाईत हे होत नाही. एका दिवसात हजारोंनी ग्राफ्ट "उरकणाऱ्या" ठिकाणी मला भीती वाटते ती याची.

भीतीचं दुसरं कारण बधिर करण्याचं औषध. लिग्नोकेन ॲड्रेनॅलिनसह दिलं तर वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम ही मर्यादा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या आत. काम जितकं लांबेल तितकं औषध वाढतं. ही छोटी शस्त्रक्रिया आहे, पण शस्त्रक्रियाच आहे. २०१९ साली मुंबईत हेअर ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या की हे काम औपचारिक शस्त्रक्रिया-प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावं, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे.

म्हणून कुठेही गेलात तरी विचारा: पंच कोण चालवणार आणि चिरा कोण देणार? डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असतील का? त्यांची पदवी कोणती, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? ऑक्सिजन आणि तातडीची औषधं आहेत का? "आमच्या टेक्निशियनचा हात फार चांगला आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. टेक्निशियनची मदत लागतेच, माझ्याकडेही आहे, पण छेद आणि चिरा ही डॉक्टरची जबाबदारी.

पैशांचंही बघा. हेअर ट्रान्सप्लांटला आरोग्यसेवेची जीएसटी सवलत नाही, त्यामुळे तुमच्या १ लाखावर १८ टक्के धरून १ लाख १८ हजार होतात. आणि दर ग्राफ्टचा असला तर मोजणी कशाची, हे लिहून घ्या. काही ठिकाणी केस मोजून ग्राफ्ट म्हणतात, काही ठिकाणी दुहेरी गुच्छ फाडून दोन एकेरी करतात. आकडा वाढतो, केस तेवढेच राहतात.

नंतरच्या काळजीचं थोडक्यात: पहिल्या काही रात्री डोकं उंचावर ठेवून झोपायचं, दुसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर आणि डोळ्यांपर्यंत सूज येते ती उतरते, खपल्या आठ-दहा दिवसांत जातात. त्या दहा दिवसांत ठाणे-वाशी लोकलमध्ये अजिबात चढू नका. गर्दीत कोणाचं कोपर, कोणाची सॅक डोक्याला लागली तर ग्राफ्ट निघून येतो. हेल्मेटही डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नाही, म्हणजे तेवढे दिवस बाइकही नाही.

आज करण्यासारखं काम सांगते. घरात एक जागा ठरवा, एकच दिवा, केस कोरडे, आणि दर महिन्याच्या १ तारखेला चार फोटो काढा: समोरून, दोन्ही कोपरे, वरून भोवरा. वडिलांचे तुमच्या वयातले फोटो आईकडून शोधून घ्या, दोन्ही मामांचेही. ते सगळं घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि भिंगाखाली मागचा भाग मोजायला सांगा. आईंनाही सोबत न्या. महिन्यांचा हिशेब त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला, तर स्थळं बघणं केसांसाठी अडवून ठेवायची गरज त्यांनाही वाटणार नाही.